विद्यापीठाचं केंद्रीय उपकरण केंद्र: यंत्रं अव्वल, फॉर्म तोकडा

स्वतःच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नाही, एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणूंची रचना तपासणारं यंत्र) नाही, म्हणून काम अडू नये यासाठी विद्यापीठं आपल्या केंद्रीय उपकरण केंद्राची सोय बाहेरच्या संशोधकांनाही देतात. बुकिंग करा, शुल्क भरा, सॅम्पल पाठवा, डेटा घ्या. यंत्रांबद्दल कुरकुर करायला फारशी जागा नाही. गाडी घसरते ती फॉर्मवर. त्यात सॅम्पलचं नाव, संख्या आणि ‘विशेष सूचना’ची एक ओळ असते, आणि बहुतेक जण नेमकी तीच कोरी सोडतात. मग ऑपरेटर नेहमीचं सेटिंग लावतो. त्यात त्याची चूक काय?

एसईएमचंच, म्हणजे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचंच बघा. वीज न वाहणाऱ्या सॅम्पलवर भार साचला की चित्र पांढरंफटक होतं किंवा सरकतं, म्हणून त्यावर सोन्याचा काही नॅनोमीटरचा थर देतात. चित्र झकास येतं. पण त्याच सॅम्पलवर ईडीएस (क्ष-किरणांच्या ऊर्जेवरून मूलद्रव्यं ओळखण्याची चाचणी) करून फॉस्फरस मोजायचा असेल तर पंचाईत. सोन्याच्या क्ष-किरणांची एम रेषा 2.12 केईव्हीला (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक), फॉस्फरसची के रेषा 2.01 ला, दोन्ही शिखरं एकमेकांत मिसळतात. गंधकही 2.31 ला, म्हणजे त्याच गर्दीत. सॉफ्टवेअर आकडा बिनदिक्कत छापतं, पण त्यावर विसंबता येत नाही. ‘कार्बन कोटिंग’ हे दोन शब्द त्या कोऱ्या ओळीत लिहिले असते तर हे टळलं असतं. ओलसर जैविक सॅम्पल तर तसंच पाठवूच नये. निर्वातात पाणी उडून पेशी सुरकुततात; आधी स्थिरीकरण (रसायनानं पेशींची रचना पक्की करणं), मग वाढत्या टक्क्यांच्या अल्कोहोलमधून निर्जलीकरण, शेवटी क्रिटिकल पॉइंट ड्राइंग (रचना न आकसता सुकवण्याची पद्धत). यातलं केंद्र काय करतं आणि तुम्ही काय करायचं, हे पाठवण्याआधी विचारा.

एक्सआरडीसाठी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासण्यासाठी) साधारण अर्धा ग्रॅम पावडर लागते, खलात इतकी घोटलेली की बोटांना रवाळ लागू नये. लोहयुक्त सॅम्पल तांब्याच्या क्ष-किरण ट्यूबखाली फ्लुओरेसन्स देतं, म्हणजे स्वतःचे क्ष-किरण सोडतं, त्यानं बॅकग्राउंड वर चढतं आणि छोटी शिखरं त्यात बुडतात. कोबाल्ट ट्यूब आहे का, ते विचारून घ्या. 10 ते 80 अंशांचा झटपट स्कॅन फेज (सॅम्पलमध्ये कोणते स्फटिक आहेत ते) ओळखायला पुरतो. रिटवेल्ड (पूर्ण आलेखाशी मॉडेल जुळवून रचनेचे बारकावे काढणं) करायचं तर संथ स्कॅन मागा, नाहीतर पुन्हा रांगेत उभे.

एनएमआर त्या मानानं सुरळीत. प्रोटॉन स्पेक्ट्रमला 5 ते 10 मिलिग्रॅम सॅम्पल, कार्बनच्या स्पेक्ट्रमला 20 ते 50, सुमारे 0.6 मिलिलिटर ड्युटेरेटेड (हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेल्या) सॉल्व्हंटमध्ये. गाळून द्या, तरंगते कण राहिले तर शिखरं रुंदावतात.

खरी नाराजी डेटाच्या पद्धतीवर. हातात बऱ्याचदा नुसतं पीडीएफ आणि जेपीईजी पडतं. एनएमआरचा एफआयडी (प्रक्रिया न केलेला मूळ सिग्नल), एक्सआरडीचे कोन आणि तीव्रतेचे आकडे, एसईएमचं टिफ (मूळ चित्राची फाइल), शिवाय यंत्राचं मॉडेल आणि व्होल्टेज, हे सगळं त्याच दिवशी मागून घ्यावं. पेपरचा परीक्षक महिन्यांनी विचारतो, तोवर फाइल सर्व्हरवरून गेलेलीही असते.

इथूनच सहकार्याची वाटही निघते, पण हिशेब आधी झालेला बरा. शुल्क देऊन मोजमाप करून घेतलं तर पेपरात आभार पुरतात. केंद्राच्या तज्ज्ञानं प्रयोगाची आखणी बदलली, निकालाचा अर्थ लावला, तर सहलेखनाचा प्रश्न येतो. आयसीएमजेई या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकपदाचे निकष चार: भरीव योगदान, मसुद्यात लेखन किंवा चिकित्सक दुरुस्ती, अंतिम मंजुरी आणि कामाची जबाबदारी. चारही पुरे व्हावे लागतात, म्हणून योगदान देणाऱ्याला मसुदा दाखवायचाच नाही आणि मग निकष पुरे नाहीत म्हणायचं, ही चलाखी चालत नाही. कोणी काय केलं ते क्रेडिट (CRediT) या योगदानाच्या प्रमाणित यादीतल्या 14 भूमिकांनुसार पहिल्याच ईमेलमध्ये लिहून ठेवा. पदार्थ नवा असेल आणि पेटंटचा विचार असेल, तर सॅम्पल निघण्याआधी गोपनीयतेचा करार हवा. आणि उरलेलं सॅम्पल परत हवं असेल तर तेही त्याच ‘विशेष सूचना’च्या ओळीत लिहा, न लिहिल्यास ते कचऱ्यात जाऊ शकतं.