पहिली ऑर्डर की तिसरी? श्रेणीबद्ध प्लेटसाठी काय निवडाल

बडोद्याला कलाभवनात (एम. एस. विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात) एम.ई.च्या प्रोजेक्टसाठी श्रेणीबद्ध प्लेट, म्हणजे जाडीत पदार्थ हळूहळू बदलत जाणारी (फंक्शनली ग्रेडेड) प्लेट घेतली की हा प्रश्न येतोच: शिअर विकृतीचा (थर एकमेकांवर सरकण्याचा) पहिल्या ऑर्डरचा सिद्धांत वापरायचा की तिसऱ्या?

आधी प्लेट बघू. खाली ॲल्युमिनियम (यंग्ज मॉड्युलस, म्हणजे ताठपणा, ७० गिगापास्कल), वर ॲल्युमिना हे सिरॅमिक (३८०), मध्ये बदल सरळ रेषेत. जाडी २० मिमी असेल तर न्यूट्रल पृष्ठभाग (वाकताना जो ना ताणला जातो ना दाबला जातो) मध्यापासून साधारण २.३ मिमी सिरॅमिककडे सरकतो. मध्यपृष्ठ धरून मांडणी केली की वाकणं आणि ताणणं एकमेकांत गुंततात. हे दोन्ही सिद्धांतांत सांभाळावंच लागतं.

पहिल्या ऑर्डरमध्ये शिअर विकृती जाडीभर सारखी धरतात आणि ५/६ चा गुणक लावतात. माझा आक्षेप इथेच आहे. हा गुणक एकजिनसी प्लेटचा. श्रेणीबद्ध प्लेटमध्ये तो घटकांच्या प्रमाणानुसार बदलतो. शिवाय वरच्या-खालच्या पृष्ठावर शिअर शून्य हवा, तो तसा येत नाही. पातळ प्लेटला मात्र विक्षेप (प्लेट किती खाली झुकते ते) आणि नैसर्गिक वारंवारता छान मिळतात, कोडही सोपा. फक्त फायनाइट एलिमेंटमध्ये (प्लेटचे छोटे तुकडे करून गणित करताना) शिअर लॉकिंग, म्हणजे पातळ प्लेट खोटीच ताठ दिसणं, टाळायला रिड्यूस्ड इंटिग्रेशन (कमी बिंदूंवर इंटिग्रेशन) घ्या.

जे. एन. रेड्डींच्या १९८४ च्या तिसऱ्या ऑर्डरच्या सिद्धांतात शिअर विकृती पॅराबोलासारखी येते, पृष्ठांवर आपोआप शून्य होते, गुणक लागतच नाही. किंमत मोजावी लागते ती फायनाइट एलिमेंटमध्ये: विक्षेपाच्या उतारालाही सलगता हवी.

लांबी जाडीच्या वीसपट किंवा जास्त आणि हवा फक्त विक्षेप, तर पहिली ऑर्डर पुरे. दहापटीच्या खाली शिअर स्ट्रेस हवा असेल तर मी तिसरीच घेईन. जाड शेललाही (वक्र प्लेटलाही) तेच.