कैलास लेणं: फोटो खाली बसून काढावा की कड्यावर चढून?

वेरूळला येणाऱ्यांकडे बहुधा अर्धाच दिवस असतो. लेणी ३४. त्यातला निम्मा वेळ १६ क्रमांकाच्या कैलासातच जातो, आणि एवढं करून बहुतेकांचे फोटो एकसारखे येतात: दारातून आत शिरल्यावर उभ्या उभ्या, डोळ्यांच्या उंचीवरून काढलेले. पुढे पर्यटकांची डोकी, मागे काळा दगड, वर शिखराचा तुकडा. या जागी नेहमीचा अँगल सोडायलाच हवा. सोडून जायचं कुठे, यासाठी दोन चांगले पर्याय आहेत. एक, प्रांगणात जमिनीलगत बसून वर बघणं. दुसरा, बाहेरून टेकडीवर चढून खोदकामाच्या काठावरून खाली बघणं. दोन्हींना वेळ मिळाला तर उत्तमच. एकच जमणार असेल तर माझं मत स्पष्ट आहे: वर चढा.

कारण या मंदिराच्या घडणीतच आहे. कैलास बांधलेलं नाही. आठव्या शतकात, मुख्यतः राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, बेसॉल्टचा डोंगर वरून खाली कोरत नेऊन ते काढलं. म्हणजे कारागिरांनी आधी कळस घडवला आणि पायथ्याला ते सगळ्यात शेवटी पोहोचले. खालून काढलेल्या फोटोत ही गोष्ट दिसतच नाही. शिखर आभाळात घुसलेलं दिसतं, भव्य दिसतं, पण दक्षिणेतल्या एखाद्या बांधीव मंदिराचा फोटो म्हणूनही तो सहज खपेल. काठावरून मात्र तिन्ही बाजूंचे उभे कडे, मधली खोल पोकळी आणि त्या पोकळीत एकसंध उभं असलेलं मंदिर एकाच फ्रेममध्ये येतं. डोंगरातून किती दगड काढून टाकला असेल, याचा अंदाज फोटो बघणाऱ्याला आपोआप येतो.

वरून आणखी एक गोष्ट हाती लागते. मंडपाच्या छपरावर मोठं कमळ कोरलेलं आहे आणि त्यावर चार सिंह आहेत. प्रांगणात उभं राहणाऱ्याला ते दिसत नाहीत. काठावरून फोनचा दुप्पट किंवा तिप्पट झूम लावा आणि फक्त कमळ, सिंह आणि मागचं शिखर एवढंच फ्रेममध्ये घ्या. वाइडचा मोह इथे टाळलेला बरा. वाइडमध्ये कमळ बारीक होतं आणि पलीकडची टेकडी, झुडपं, आभाळ उगाच आत येतं.

गर्दीचा हिशेबही वरच्या बाजूनेच लागतो. खाली माणसं आडवी येतात. वरून तीच माणसं ठिपक्यांएवढी होतात आणि मंदिराचं माप सांगतात. शिखर प्रांगणापासून साधारण ३० मीटर उंच आहे. फोटोत शेजारी एखादा माणूस नसेल तर ती उंची पटत नाही.

मग खालचा अँगल कशासाठी? शिल्पांसाठी, आणि तिथे त्याला तोड नाही. जोत्यावर ओळीने कोरलेले हत्ती आणि सिंह सगळं मंदिर पाठीवर पेलत आहेत, असं शिल्पकारांनी दाखवलं आहे. तो भार जाणवायला खालूनच बघावं लागतं. प्रांगणातला सुटा हत्ती आणि त्याच्याजवळचा ध्वजस्तंभही असाच घ्यावा. उभ्याने काढला तर हत्ती मागच्या कड्यात मिसळून जातो, कारण दोघांचा रंग एकच. बसून काढला की त्याची पाठ आभाळावर येते आणि आकार सुटा होतो. फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स खालच्या टोकाला येऊन जवळजवळ जमिनीला टेकते. गुडघे दुखत असतील तरी ही युक्ती जमते.

खालच्या अँगलचे तोटे दोन. वाइड लेन्स वर रोखली की उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात आणि मंदिर मागे कलल्यासारखं वाटतं. शिखराची मध्यरेषा फ्रेमच्या बरोबर मधोमध ठेवली तर हे झुकणं खटकत नाही. ती बाजूला गेली की खटकतं. दुसरा तोटा आभाळाचा. दगड काळा, आभाळ पांढरं, आणि फोन आभाळ बघून सगळंच अंधारात टाकतो. शिल्पावर बोट दाबून एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ यावा ते, लॉक करा. आभाळ पांढरं पडलं तरी चालेल.

उजेडावरून वेळ ठरवणं सोपं आहे. मंदिराचं तोंड पश्चिमेला, आणि पूर्वेकडचा म्हणजे मागचा कडा सगळ्यात उंच. त्यामुळे सकाळी प्रांगण सावलीत असतं. शिल्पं जवळून घ्यायला तो मऊ उजेड चांगला. दुपारनंतर ऊन पुढच्या बाजूवर येतं. तेव्हा दक्षिणेकडच्या काठावर, थोडं पुढच्या अंगाला उभं राहावं, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. तिथून वळसा घालून मागच्या काठावर गेलात तर दुपारी ऊन थेट लेन्समध्ये येतं. हिवाळ्यात मात्र दक्षिणेच्या कड्याची सावली प्रांगणात लांबवर पसरते. अशा वेळी एक्स्पोजर उन्हातल्या शिखरावर ठरवा आणि खालची सावली गडद राहू द्या. ती खोली फोटोला शोभते.

वर जाणारी पायवाट लेण्याबाहेरून, दक्षिणेच्या अंगाने चढते. चढ अवघड नाही, पण लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर त्यांना खालीच थांबवावं. पावसाळ्यात ओला दगड घसरतो, त्या दिवसांत मी खालचाच अँगल सुचवेन. कुठली बाजू बंद असेल तर पहारेकऱ्यांचं ऐकावं, आणि सेल्फीसाठी काठाकडे पाठ करून मागे सरकू नये. परवानगीशिवाय ड्रोन चालत नाही, त्यामुळे वरचं दृश्य हवं असेल तर पायीच चढावं लागेल.

कॅमेरा तिरका धरून काढण्याचा तिसरा प्रकार हल्ली बराच दिसतो. कैलासाला तो अजिबात मानवत नाही. इथे उभ्या कड्यांच्या सरळ रेषांवरच सगळं चित्र उभं असतं.

दोन तास असतील तर दुपारी तीनच्या सुमारास आधी वर जा, मग खाली उतरून हत्तींपाशी बसा. काठावरून एकदा मंदिराची मांडणी डोळ्यांखालून गेली की खाली कुठे बसायचं हे शोधत फिरावं लागत नाही. मंगळवारी लेणी बंद असतात, तेवढं बघून निघा.