कार्बोरेटर बदलल्याचं बिल, आणि आत तोच जुना कार्बोरेटर

टेक्सासमध्ये आम्ही चौघांनी भागीदारीत एक जुनं विमान घेतलंय. १९७४ सालचं सेस्ना १७२, लायकमिंगचं १५० अश्वशक्तीचं इंजिन. चौघांत मराठी आम्ही दोघं, मी इचलकरंजीचा आणि दुसरा नागपूरचा. गेल्या उन्हाळ्यात या विमानाच्या दुरुस्तीत आम्हाला ५,१२० डॉलरला बुडवलं. पैसे गेल्याचं वाईट वाटतंच. पण विमानदुरुस्तीच्या त्या दुकानदाराने 'दुरुस्त झालं, उडवा' म्हणून सही करून दिलेल्या विमानात मी मित्राच्या सोळा वर्षांच्या मुलीला शेजारी बसवून वर गेलो होतो. तो दिवस डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून लिहितोय.

पहिल्यांदा त्रास झाला तो ऑगस्टमध्ये. ३,५०० फुटांवर होतो, उड्डाणाला चाळीसेक मिनिटं झाली होती. इंजिन मिनिटाला २,४०० फेऱ्यांवरून खाली यायला लागलं. आधी थरथर, मग १,९००. मिक्श्चर, म्हणजे इंधन-हवेचं प्रमाण ठरवणारी दांडी, पूर्ण आत ढकललं, कार्बोरेटरला गरम हवा देणारी कार्ब हीट ओढली, टाकीची चावी 'दोन्ही'वरून डावी, मग उजवी करून पाहिली. फरक शून्य. प्रायमरचा दट्ट्या मारला की मात्र इंजिन दोन-चार सेकंद जीव धरायचं. प्रायमर हा हातपंप, तो कार्बोरेटरला वगळून इंधन थेट सिलिंडरच्या तोंडाशी टाकतो. त्याने इंजिन उचल खात असेल तर ठिणगी ठीक आहे आणि इंधन कमी पोचतंय, एवढं तरी कळतं. जवळच्या धावपट्टीवर उतरलो. टाकीत किती उरलंय ते बघायला डावं टोपण फिरवलं आणि 'स्सऽऽ' करून लांबलचक आवाज आला.

हा आवाज मी दुकानात पहिल्याच दिवशी सांगितला. मालक म्हणाला, "उन्हाने टाकीत वाफ धरते, त्याचा आवाज." मला पटलं. खरं तर तिथेच मी थांबायला हवं होतं. वाफ धरली असती तर ती बाहेर आली असती. टोपणावर ठेवलेल्या माझ्या तळव्याला हवा आत ओढल्याचं जाणवलं होतं, आणि ते मी त्याला सांगितलंही होतं.

आठ दिवसांनी बिल आलं. इंधन यंत्रणेची तपासणी नऊ तास, ९९० डॉलर. ओव्हरहॉल केलेला, म्हणजे पूर्ण खोलून नव्यासारखा केलेला कार्बोरेटर (इंजिनासाठी इंधन आणि हवा मिसळणारा भाग), मजुरीसह २,३५०. जुना कार्बोरेटर बघायला मागितला तर तो 'कोअर' म्हणून परत पाठवला असं सांगितलं. असं करतात हे खरं आहे. जुना भाग दिला की नव्याच्या किमतीतून ठरावीक रक्कम वजा होते. पण मग ती वजावट बिलात दिसायला हवी. आमच्या बिलात तसली ओळच नव्हती. आम्ही बिल मन लावून वाचलंच नाही. वार्षिक तपासणी त्याच दुकानात अडकलेली, सही त्याच्या हातात, आणि त्याने गोड बोलून सांगितलेलं की आता काळजी नको.

नंतरची दोन उड्डाणं वीस-पंचवीस मिनिटांची झाली, काही झालं नाही. तिसरं लांबचं होतं आणि त्यात ती मुलगी होती. तिला हेडसेट लावून दिलेला, ती खिडकीतून खाली शेतं बघत होती आणि पुन्हा तीच थरथर सुरू झाली. उंची होती, दहा मैलांवर धावपट्टी होती, प्रायमर मारत मारत पोचलो. उतरल्यावर तिने विचारलं, "काका, हे नेहमी असं होतं का?" मी तिच्या बाबांना फोन लावला तेव्हा माझा आवाज फुटत नव्हता.

दुकानाचं पुढचं उत्तर होतं मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग. १,७८० डॉलर. आमच्या मॅग्नेटोची ५०० तासांची तपासणी जवळ आली होती, त्यामुळे हा खर्च सगळाच लुबाडणुकीत मी धरत नाही. पण इंजिन प्रायमरवर सुधारतंय हे दोनदा सांगूनही माणूस ठिणगीच्या मागे लागतो, तेव्हा त्याला बिघाड शोधायचाच नसतो. दर वेळी तो विमान दारात दहा मिनिटं चालवून दाखवायचा. इंजिन घड्याळासारखं चालायचं. चालणारच! चालवण्याआधी तो टोपण उघडून इंधन बघायचा, म्हणजे आतली ओढ तिथेच सुटायची. आणि जमिनीवर दहा मिनिटांत इंधन जळतं ते किती?

शेवटी नागपूरकराने दुसऱ्या विमानतळावरचा एक वयस्क मेकॅनिक गाठला. हा माणूस आधी काऊलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडेना. टाक्या भरून घेतल्या, टोपणं घट्ट लावली, विमानाला अर्थिंगची तार जोडली आणि मग खालून कार्बोरेटरकडे येणारी नळी सोडवून ती बादलीत धरली. सेस्ना १७२ च्या टाक्या पंखात, म्हणजे इंजिनाच्या वर. आमच्या मॉडेलमध्ये पंप नाही, इंधन स्वतःच्या वजनाने खाली येतं. अशा विमानात नुसत्या वजनावर येणारी धार टेक-ऑफला लागणाऱ्या इंधनाच्या किमान दीडपट असली पाहिजे, असा नियम आहे. आमची धार सुरुवातीला छान होती. दुसरी बादली भरता भरता ती बारीक झाली, मग दोरीसारखी, मग थेंब. तो मला म्हणाला, "आता वर चढ आणि टोपण उघड." उघडलं. 'स्सऽऽ' झालं आणि खाली बादलीत निळी धार पुन्हा धो-धो पडायला लागली. नऊ तासांच्या 'तपासणी'त जे केलं नाही ते पंधरा मिनिटांत डोळ्यांसमोर झालं.

डाव्या पंखाखाली, आधाराच्या दांड्यामागे एक छोटी नळी, व्हेंट, खाली डोकावते. इंधन जाईल तशी टाकीत हवा शिरावी म्हणून ती असते. उजवी टाकीही वरच्या जोडनळीतून तिथूनच श्वास घेते, म्हणून चावी फिरवून मला फरक पडला नव्हता. त्या नळीत कुंभारीण माशीने घर केलं होतं. आपल्याकडे खिडकीच्या चौकटीत, कुलपाच्या भोकात मातीचं घर करते तिच्याच जातकुळीतली. मेकॅनिकने वाकड्या तारेने हळूहळू माती काढली आणि पांढऱ्या कागदावर ठेवली. फोडली तर आत आठ-नऊ कोळी, पाय पोटाशी घेतलेले, अळीसाठी भरून ठेवलेले. ही नळी बुजली तरी हवा जावी म्हणून एका टोपणात झडप असते, ती वाळून चिकटली होती. दोन्ही वाटा बंद. ही माशी विमानाच्या माणसांना नवीन नाही. १९९६ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पोर्तो प्लाताजवळ बोइंग ७५७ समुद्रात पडून १८९ माणसं गेली, तिथेही वेग मोजणाऱ्या पिटॉट नळीत हिचंच घर असावं असा चौकशीत संशय होता.

या मेकॅनिकचं बिल दोन तासांची मजुरी आणि एक नवं टोपण.

मग त्याने काऊलिंग काढलं आणि विचारलं, "नवा कार्बोरेटर म्हणालास, तो कुठाय?" खाली निळ्या डागांचे जुने ओघळ, नटांवर आधीचीच रंगाची खूण, जशीच्या तशी. विमान घेताना मी प्रत्येक भागाच्या पाटीचा फोटो काढला होता. फोनमध्ये शोधला. सिरियल नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत तोच. कार्बोरेटरला कोणी हातही लावला नव्हता. लॉगबुकात, म्हणजे विमानाच्या दुरुस्तीच्या नोंदवहीत, 'ओव्हरहॉल केलेला बसवला' अशी नोंद, खाली सही, पण नंबर लिहिलेला नाही. अमेरिकेच्या नियमांत ओव्हरहॉल हा शब्द उगाच वापरता येत नाही. भाग सुटा करून, धुऊन, तपासून, लागेल तिथे दुरुस्त करून, पुन्हा जोडून त्याची चाचणी घ्यावी लागते. असा भाग येताना साधारणपणे ८१३०-३ हा भाग वापरायला योग्य असल्याचा फॉर्म सोबत येतो. आम्ही तो मागितला नव्हता. तुम्ही मागा, आणि पैसे देण्याआधी मागा. भाग बसवायच्या आधी त्याच्या पाटीचा फोटो घ्या, जुना भाग हातात घेऊन बघा. गाळणीचा मळ, टोपणं, व्हेंट, चावी आणि बादलीतली धार एवढं झाल्याशिवाय कार्बोरेटरच्या पैशांना हो म्हणू नका.

कार्डाच्या बँकेकडे फोटो आणि लॉगबुकाचं पान पाठवलं, कार्बोरेटरचे २,३५० परत मिळाले. बाकीचे गेले. दुकानदार म्हणतो कारकुनाची चूक झाली. एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या, जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार दिली आहे, तिथल्या निरीक्षकाने मूळ फोटो तारखेसह मागवून घेतले.

गेल्या आठवड्यात त्याच दुकानाच्या दुसऱ्या एका गिऱ्हाईकाचा फोन आला. त्याच्याही लॉगबुकात ओव्हरहॉलची नोंद आहे आणि नंबर नाही. शनिवारी सकाळी आम्ही दोघं त्याच्या हँगरवर जाऊन काऊलिंग उघडणार आहोत.