ब्रूपबमध्ये जेवायला: काउंटर की टेबल?

ब्रूपब म्हणजे आपली बिअर तिथंच बनवणारा पब. दारातच विचारतात, "टेबल देऊ की काउंटरला बसाल?" बहुतेकजण सवयीनं टेबल म्हणतात. कित्येक वर्षं मीही तेच म्हणायचो.

टेबलाची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. पाठ टेकता येते, पिशवी ठेवायला जागा असते, चौघांची तोंडं एकमेकांकडे असतात. मध्ये ताटली ठेवून वाटून खायचं असेल तर टेबलाला तोड नाही. काउंटरचं उंच स्टूल म्हणजे अर्ध्या तासात कंबर बोलायला लागते. पाय लोंबकळतात, शेजाऱ्याचं कोपर लागतं, ताट ठेवायला जेमतेम वीतभर जागा. त्यात शेजारी गप्पिष्ट निघाला तर संपलंच.

तरी मी टेबल सोडलं, ते घास आणि घोट यांच्या चुकामुकीपायी.

टेबलावर वेटर आधी बिअर विचारतो. ती पाच मिनिटांत येते, जेवणाला वीस-पंचवीस लागतात. ताट समोर येतं तेव्हा ग्लासात तळाशी कोमट दोन घोट उरलेले, फेस कधीच बसलेला. दुसरा ग्लास हवा तर वेटरची नजर पकडा. त्यानं आत जाऊन सांगायचं, बारटेंडरनं भरायचा आणि मग तो ग्लास कुणी उचलून आणायची वाट बघत तिथंच उभा. एकदा माझा स्टाउट, म्हणजे काळ्या बिअरचा ग्लास, मला टेबलावरून चक्क दिसत होता, दहा पावलांवर. उठून आणायला निघालो तर वेटर अदबीनं म्हणाला, "सर, तुम्ही बसा, मी आणतो." बसलो. आला तेव्हा जेवण निवलं होतं आणि मीही.

बाटलीतली बिअर असती तर एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण ब्रूपबला जायचं ते तिथल्याच टाकीतली ताजी बिअर प्यायला. बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं म्हणजे हॉप्स, आणि त्यांचा वास मुळातच उडून जाणारा. आयपीए या भरपूर हॉप्सच्या बिअरचा कडूपणा आणि बुडबुडे तळलेल्या घासाचा तेलकटपणा छान धुऊन काढतात, पण त्यासाठी दोन्ही लागोपाठ तोंडात जायला हवेत. पंधरा मिनिटांच्या अंतरानं नव्हे.

काउंटरवर हे एका वाक्यात सुटतं: "ताट आलं की भर." नायट्रोजन वायूच्या दाबानं ओतलेल्या स्टाउटचा फेस बसायला दोनेक मिनिटं लागतात, म्हणून जाणता बारटेंडर ताट दिसायच्या जरा आधीच नळ उघडतो. मी घड्याळ लावून मोजलेलं नाही, आणि तरबेज वेटर भेटला तर माझी सगळी तक्रार फोल ठरेल. मला तसे भेटले, पण मोजकेच.

काउंटरचा आणखी एक फायदा. फळ्यावर आठ नावं असतात, त्यातली कुठली आज चांगली लागतेय हे नळ हाताळणाऱ्यालाच ठाऊक. बिअरचे दोन मोठे प्रकार: लागर सहसा कित्येक आठवडे टाकीत मुरते, एल त्यामानानं लवकर तयार होते. त्यामुळे काल नवी टाकी कशाची लागली आणि कशाची संपत आली, हे विचारण्यासारखं असतं. बहुतेक ठिकाणी घोटभर चाखायलाही देतात. हेफेवायझेन या गव्हाच्या बिअरमध्ये केळं घालतात का, असं मी एकदा विचारलं होतं. नाही म्हणे, तो केळ्यासारखा वास यीस्टचा. टेबलावर बसून हे विचारायला मी वेटरला थांबवलं नसतं.

सॅम्पलर मागवणार असाल तर मात्र कुठंही बसा. चार छोटे ग्लास समोर असले की जेवण कधीही येवो, एखादा तरी भरलेला सापडतोच. फक्त तो शेवटचा ग्लास गार राहत नाही. स्टाउटला ते चालतं, अतिथंड स्टाउटची चव तशीही दबते. पिल्सनर ही फिकी लागर मात्र गारच बरी, ती आधी संपवा.

म्हातारी माणसं बरोबर असतील किंवा पाच-सहाजण असाल तर टेबलच घ्या, मी आग्रह करणार नाही. एकटे किंवा दोघं असाल तर निदान एकदा स्टूलवर बसून बघा. आणि तीन-चारजण असाल तर काउंटर जिथं काटकोनात वळतो तो कोपरा मागा. तिथं दोघं इकडे, दोघं तिकडे बसले की एकमेकांचे चेहरेही दिसतात आणि नळही हाकेच्या अंतरावर राहतो. नेहमी येणाऱ्यांना ही जागा माहीत असते, त्यामुळे जरा लवकर जा.