कढत आम्लातले दोन विषाणू: एसएसव्ही-१ आणि एसआयआरव्ही-२

दोघांचाही यजमान एकाच घराण्यातला: ८० अंश सेल्सिअसच्या आसपास, आम्लधर्मी झऱ्यांत वाढणारा सल्फोलोबस हा आर्किया (जिवाणूसारखा दिसणारा, पण वेगळ्या गटातला एकपेशीय जीव). वागणूक मात्र पार वेगळी. जपानमधल्या बेप्पूचा एसएसव्ही-१ चातीच्या आकाराचा. आपला डीएनए यजमानाच्या गुणसूत्रात घुसवून तो मुक्कामच ठोकतो. अतिनील किरण पडले की प्रती भराभर वाढतात आणि पेशी न फोडता बाहेर पडतात.

आइसलँडचा एसआयआरव्ही-२ सरळ दंडाकृती, आणि मला तोच जास्त थक्क करतो. त्याच्या कवचात डीएनए नेहमीच्या बी-रूपात नसून ए-रूपात, म्हणजे जास्त आखूड आणि जाड पिळात असतो, हे २०१५ साली उघड झालं. सुटताना तो पेशीवर सात बाजूंचे पिरॅमिड उभारतो. ते पाकळ्यांसारखे उघडतात, पेशी मरते. पिरॅमिड उभारायला त्याचं एकच छोटं प्रथिन पुरतं!