रोबोटिक्स टीमसाठी मदत: कंपनी की गाव?

जालन्याच्या विद्यार्थ्यांच्या एका रोबोटिक्स टीमने विचारलंय, मदतीसाठी वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांकडे जावं की आपल्याच बाजारपेठेत फिरावं?

रक्कम कंपनीची मोठी, पण मंजुरीला वेळ लागतो. सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीत, जाहिरातीसाठीचं प्रायोजकत्व बसत नाही. हा निधी घेऊन काम करणाऱ्या संस्थेची सीएसआर-१ ही सरकारी नोंदणीही लागते. टी-शर्टवर लोगो देणार असाल तर थेट मार्केटिंग विभाग गाठा.

गावातले लेथवाले, हार्डवेअरवाले, माजी विद्यार्थी रोख थोडीच देतात. पण रोबोटचा शाफ्ट (फिरणारा दांडा) त्याच दिवशी करून मिळतो, आणि मुलं मशीनपाशी उभी राहून शिकतात, हे मला पैशाहून मोठं वाटतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत रोबोट नेऊन दाखवा, गावाशी नातं टिकतं.

प्रवास, स्पर्धेचं प्रवेश शुल्क, रोबोटच्या महागड्या मोटर्ससाठी कंपनी बरी. टीम नवी असेल तर आधी गावच.