बेरीला बहिणीकडे: कार की ट्रेन?

लंडनच्या वेंबली-हॅरो पट्ट्यातून सफकमधल्या बेरी सेंट एडमंड्सला कुणाकडे शनिवार-रविवार जायचं तर कार बरी की ट्रेन, असं ओळखीचे लोक अधूनमधून विचारतात. माझी धाकटी बहीण तिथे राहते, दोन्ही करून झालंय.

कारच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. एम-११, मग ए-११ आणि न्यूमार्केटपासून ए-१४. वाहतूक शहाण्यासारखी वागली तर दोन तासांत पोहोचता. चौघं असलो की आमच्या हिशेबात कारच स्वस्त पडते, अगदी फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्डावरची मोठ्यांची एक तृतीयांश आणि मुलांची ६० टक्के सवलत धरूनही. शिवाय डिकी! बहिणीची यादी म्हणजे वेंबलीतल्या देशी दुकानांचा अर्धा ईलिंग रोड उचलून न्यायचा: शेवग्याच्या शेंगा, कढीपत्ता, ज्वारीचं पीठ, नारळ, मोसम असेल तर हापूसच्या पेट्या. हे सगळं हातात घेऊन केंब्रिजला गाडी बदलून दाखवा.

फक्त शुक्रवारी संध्याकाळी निघू नका. शनिवारी निघालात तर तो बेरीचा बाजाराचा दिवस. बुधवारी आणि शनिवारी कॉर्नहिल आणि बटरमार्केटमध्ये पालं ठोकलेली असतात आणि गावात पार्किंगसाठी चकरा मारायची वेळ येते. बहिणीच्या गल्लीत परमिट लागतं. पाहुण्यांचा पास ती काढून ठेवते, पण पास म्हणजे जागा नव्हे. मेहुणे फुटपाथवर उभे राहून जागा धरतात आणि समोरच्या आजीबाई पडदा सारून बघतात.

ट्रेनने जायचं तर मेट्रोपॉलिटन लाइनने किंग्ज क्रॉस, तिथून जलद गाडीने पाऊण-एक तासात केंब्रिज आणि तिथे बदलून बेरी. लिव्हरपूल स्ट्रीटवरून इप्सविच किंवा स्टोमार्केटमार्गेही जाता येतं; मला केंब्रिजची वाट सोयीची पडते. खोट दोन ठिकाणी आहे. केंब्रिजहून पुढची गाडी तासाला एक, चुकली की प्लॅटफॉर्मवर कॉफी पीत बसा. आणि रविवारी रुळांची कामं निघाली की गाडीऐवजी बस येते, ती खेड्याखेड्यातून हिंडत जाते. निघण्याआधी तेवढं बघून घ्यावं.

उतरल्यावर मात्र सुख आहे. स्टेशनाच्या बाजूलाच १९२५ पासूनचा साखर कारखाना. ऊस नव्हे, बीट. पण थंडीत गळीत हंगाम चालू असला की वाफेचे लोट आणि तो जडसर गोड वास. मी सांगलीकडचा, मला ते बरं वाटतं. बायको नाकाला रुमाल लावते. तिथून ॲबीच्या, म्हणजे जुन्या मठाच्या, दरवाजापर्यंत पायी पंधरा-वीस मिनिटं. रविवारी जेवणाआधी मेहुण्यांबरोबर नटशेल नावाच्या चिमुकल्या पबमध्ये उभ्याने एक बिअर घेता येते. कार असली की मी लिंबूपाणी.

इथपर्यंत सामना बरोबरीचा म्हणा. माझ्यापुरता निकाल लागला तो रविवारी दुपारच्या निरोपावर.

कार दारात उभी असली की आपल्याला निघायची वेळच उरत नाही. तीनला निघायचं ठरतं. "गाडीच तर आहे तुमची, चहा घेऊन निघा." चहाबरोबर पोहे. मग डबे भरणं, मग डब्यांची झाकणं शोधणं. मग हळदीकुंकू, मग दारात उभं राहून आईच्या गुडघ्यांवर तो महत्त्वाचा विषय, जो दोन दिवसांत कुणालाच आठवलेला नसतो. सव्वापाच. मुलं मागच्या सीटवर पट्टे लावून भांडताहेत आणि बहीण खिडकीतून अजून एक पिशवी आत देतेय. एम-२५ ला लागेपर्यंत सगळा दक्षिण इंग्लंड घरी परतायला निघालेला असतो. सोमवारची शाळा, सोमवारचं ऑफिस, आणि भूक नसताना रात्री साडेआठला डब्यातले पोहे.

ट्रेन असली की हेच सगळं होतं, पण दोनला सुरू होतं. तासाला एकच गाडी म्हटल्यावर बहीणही घड्याळ बघते, झाकणं आधी सापडतात, आईचे गुडघे जेवतानाच निघतात. आमचं ऑफ-पीक तिकीट पुढच्या गाडीलाही चालतं, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

तान्हं बाळ बरोबर असेल किंवा आंब्याचे दिवस असतील तर कार न्या, माझी हरकत नाही. तुमच्याकडची मंडळी पटकन निरोप देणारी असतील तर कदाचित तुम्हाला कारच परवडेल. मात्र किल्ली खिशातच ठेवा. आमचा भाचा रविवारी जेवणं झाली की ती लपवून ठेवतो.